निम्मा वेग

रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मुकेशचा माउस चुकून भलत्याच जागी टेकला आणि हेडफोनमधून एक बाई पुरुषी आवाजात बातम्या देऊ लागली. विहिरीच्या तळाशी बसून एकेक शब्द दोरीने वर ओढावा तशी ती बोलत होती. भाषा हिंदी आहे एवढं कळायलाच थोडा वेळ गेला. पडद्यावर नेहमीचा निळा पट्टा वरून खाली सरकत होता. त्यात डावीकडे बाबांची बारीक, तुटक रेघ होती, मोर्सची, ओळखीची. आणि उजव्या कडेला कुठल्याशा प्रसारण केंद्राची जाड पिवळी पट्टी. ती पट्टी तिथे कायमच असायची. तिच्यावर टिचकी मारायची वेळ आजवर आली नव्हती. आज त्याची मुलगी मैत्रेयी कंपासपेटी शोधायला मागून टेबलावर वाकली, त्याच्या कोपराला धक्का लागला, आणि गुरुवारी सकाळच्या बातम्या रविवारी दुपारी त्याच्या कानात अशा रडतखडत उतरल्या. आधी त्याला वाटलं, केंद्राचंच काहीतरी बिघडलं असेल. मग वाटलं, आपलंच जेवण जास्त झालंय. पण नाही. बिघडलेलं केंद्र बंद पडतं, खरखरतं. ते शिस्तीत निम्म्या वेगाने बातम्या देत बसत नाही. त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीकडे गेली. तिथे अठ्ठेचाळीस हजार लिहिलेलं होतं. ते त्यानेच लिहिलं होतं आणि गेले चार-पाच महिने ते तसंच होतं.

मुकेशने टपालाने मागवलेलं रेडिओचं एक किट स्वतःच सोल्डर करून जोडलं होतं. खरवईच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारून एक वायर, ती वायर किटला, किट कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला. आकाशाचा एक तुकडा जसाच्या तसा, कच्चा, कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचं काम ते करायचं. मग फुरसतीने तो तुकडा परत चालवायचा आणि त्यातलं हवं ते ऐकायचं. कार्ड एका सेकंदाचे हजारो तुकडे करतं. किती, ते चौकटीत आपण सांगायचं, कारण कच्च्या फाइलीच्या अंगावर काहीच लिहिलेलं नसतं. तुम्ही सांगाल तो तिचा वेग. आणि इथेच मुकेशला चोरवाट सापडली होती. खऱ्या आकड्याच्या जागी निम्मा, म्हणजे त्याच्या कार्डाच्या अठ्ठेचाळीस हजारांच्या जागी चोवीस, लिहिला की सगळं आकाश निम्म्या वेगाने चालतं. माणसाचं बोलणं असं चालवलं तर ऐकवत नाही. मोर्सचं तसं नाही. टिंब आणि रेघ, एवढाच मामला. सूर हवा तो माउस सरकवून आपणच लावून घ्यायचा. हळू केलेली मोर्स हळू केल्यासारखी वाटतच नाही. पाठवणारा माणूस जरा समजूतदार झालाय, एवढंच वाटतं.

पाठवणारा माणूस म्हणजे रामभाऊ, त्याचे बाबा. आयुष्यभर तारखात्यात नोकरी केलेले. त्यांचे वडील गावकीत होते. कुणाच्या घरी मयत झालं की सांगावा घेऊन रानोमाळ पायी जायचे आणि अंगणाबाहेर उभं राहून तो द्यायचे, वर शिळी भाकरी मिळाली तर मिळाली. बाबांनीही लोकांच्या मरणाचे सांगावेच पाठवले, पण खुर्चीत बसून, पंख्याखाली, पगार घेऊन. हा फरक ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त ऑफिसात जाताना पँटची इस्त्री अशी करायचे की मुकेशला लहानपणी त्या घडीची भीती वाटायची. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर लोखंडी काठी उभी केली, तिला तार ताणली, आणि रोज सकाळी बुद्धवंदना झाली की सेटपुढे बसू लागले. पलीकडे नागपूरला हेमचंद्र, त्यांचा तारखात्यातलाच जोडीदार. दोघं रोमन अक्षरांत मराठी बोलायचे. घरात दिवसाकाठी दहा वाक्यं न बोलणारा हा माणूस हवेवर चुरूचुरू बोलतो, हे मुकेशला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, तेही फाइल हळू करून. नळाला पाणी कमी येतं. गवार कडू निघाली. मुकेशने मोटरसायकल घेतली, लाल आहे, त्याला शोभते. हे शेवटचं वाक्य अक्षर-अक्षर जुळवून वाचलं तेव्हा तो कितीतरी वेळ हेडफोन कानाला धरून बसला होता. शोभते, हे त्याच्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं?

मोर्स त्याला यायला हवी होती. दहा वर्षांचा असताना बाबांनी शिकवायला घेतली होती. चहाच्या टेबलावर एक की, म्हणजे मोर्स ठोकायचा खटका, आणि सरावाचा बझर ठेवून ते पाठवायचे, यानं लिहायचं. सुरुवात बरी व्हायची. मग बाबांचा हात आपोआप स्वतःच्या मूळ वेगावर जायचा, आणि मुकेशच्या पेन्सिलीखाली अक्षरं मागे पडत जायची. हळू, असं म्हणायची सोय नव्हती. हळू म्हटलं की बाबा थांबायचेच. रागावत नसत, टेबलावरची ती की बाजूला सारून पेपर उघडायचे. त्याची आई, जनाबाई, स्वयंपाक करता करता म्हणायची की पोराला सवडीने घेऊ द्या, काय तार सुटत नाही तुमची. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर वर्षाच्या आत मुकेशने खरवईला फ्लॅट घेतला. बाबांना चला म्हटलं होतं का? म्हटलं असेल. म्हणजे तिसरी खोली तुमच्यासाठीच आहे, असं काहीतरी सामान चढवताना म्हटल्याचं त्याला आठवत होतं, पण ते बाबांना म्हटलं की टेम्पोवाल्याला, याची आता खात्री देता आली नसती. त्या तिसऱ्या खोलीत यथावकाश कॉम्प्युटर आला, मग किट, मग वायरींचा गुंता, आणि दार लावून घ्यायची सवय.

जूनमध्ये तो उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये नवं साउंड कार्ड घ्यायला गेला. दुकानदार सिंधी, जुन्या ओळखीचा. त्याने डबा काउंटरवर आपटून सांगितलं, "साईं, ये डबल है. छियान्नवे वाला. पुराना भूल जाओगे." मुकेशने ते नवं कार्ड बसवलं, रेकॉर्डिंग शहाण्णव हजारांवर सुरू केलं, आणि जुनं मात्र भुलला नाही. म्हणजे चालवायच्या चौकटीतला आकडा बदलायचं विसरला. पहिल्या फाइली ऐकताना मोर्स फारच रेंगाळायला लागली, म्हणून त्याने हळू करायचा चोवीसचा आकडा काढून अठ्ठेचाळीस टाकला, आणि काय चमत्कार, बाबांचा हात त्याला पूर्ण वेगात कळायला लागला. त्याला आनंद झाला, तो स्वतःबद्दल. आपला कान तयार झाला, इतक्या वर्षांनी का होईना. दोन दिवस तो कारखान्यात शीळ घालत हिंडला. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो तपासणी विभागात होता; लोकांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हा त्याचा धंदा. अशा माणसाला फार दिवस आनंदी राहता येत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मोजलं. जानेवारीतल्या फाइलीत बाबा मिनिटाला बावीस शब्द पाठवत होते. आता अकरा.

अकरा म्हणजे बरोब्बर निम्मे. त्याच्या विभागातल्या नवख्या पोरानेही विचारलं असतं की म्हातारपण असं गणिताने येतं का. पण स्वतःच्या बापाबद्दल माणूस आधी घाबरतो. मुकेश घाबरला तो असा की त्याने बाबांचं बोलणं वाचायचं सोडून दिलं आणि फक्त मोजायला लागला. रोज संध्याकाळी फाइल उघडायची, टिंबांची लांबी, रेघांची लांबी, मधलं अंतर, आलेख काढायचा. आलेख महिनोन्महिने अकरावर सरळ चालला होता, आणि त्याचाही त्याने अर्थ लावला की पडझड थांबली असली तरी भरून येत नाही. अंबरनाथचं घर त्याच्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर, रुळांपलीकडे होतं. एखाद्या सकाळी बाबा सेटवर बसलेले असताना नुसतं त्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं होतं. हे त्याला सुचलं नाही असं म्हणणं खरं होणार नाही. सुचलं होतं. पण मागे उभं राहून काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

मग तो आलेख घेऊन बाबांकडे गेला. चोरून ऐकतो हे कबूल करावं लागलं, तेव्हा बाबांचे कान थोडे लाल झाले. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, चष्मा लावून पाहिला, आणि "असेल," एवढंच म्हणाले. कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडमीट करायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि तसं काही दिसत नाही, पण वय आहे, लक्ष ठेवा, असं सांगितलं. लक्ष ठेवा, हे मुकेशने मोठ्या अक्षरांत ऐकलं. लक्ष ठेवायचं तर माणूस नजरेसमोर हवा. अशा रीतीने ठरलं. दिवाळीनंतर बाबा खरवईला येणार, तिसऱ्या खोलीत. वायरी, किट, कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात जाणार. सेट मात्र येणार नव्हता, कारण खरवईच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर पापडसुद्धा वाळत घालू देत नाहीत, तिथे लोखंडी काठी कोण उभी करू देणार. बाबांनी त्यालाही मान डोलावली. काठी उतरवायला केबलवाला बाळाजी रविवारी चार वाजता येतो म्हणाला होता. तो हा रविवार.

मुकेशने चौकटीत शहाण्णव हजार लिहिलं. बाई ताबडतोब बाई झाली. कुठल्याशा बंदरातली मालवाहतूक सुरळीत झाल्याचं तिने ठणठणीत आवाजात सांगितलं. त्याने माउस डावीकडे बाबांच्या रेघेवर नेला. हात सुटला होता. बावीसच्या खाली एक शब्द नाही, उलट हेमचंद्रांना मागे टाकायची घाई असावी असा पळत होता, आणि मुकेशला त्यातलं काहीही कळत नव्हतं. दहा वर्षांच्या पोराच्या पेन्सिलीसारखं सगळं मागे पडत होतं. बाबांना काही झालेलं नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. त्याच्या अंगातून काहीतरी सैल होत गेलं, मानेतून, खांद्यातून, आणि त्या सैलपणात तो आपल्या खोलीकडे पाहू लागला. हे टेबल आता हलवायला नको. ही वायर भिंतीवरून काढायला नको. दार लावून घेता येईल. हे सगळं मनात येऊन गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला झालेल्या आनंदात बाबा बरे असल्याचा आनंद किती आणि खोली वाचल्याचा किती, हे मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही. असतं तरी त्याने ते लावलं नसतं. त्याने हेडफोन काढला, पुन्हा घातला. तो उठला, पाणी प्यायला गेला, न पिताच परत आला.

त्याची बायको संध्या भांडी घासून हात पुसत दारात उभी होती. त्याने तिला सगळं सांगितलं, तुकड्यांचं गणित, डबल कार्ड, बातम्यांची बाई. तिला गणितात रस नव्हता. तिने विचारलं, म्हणजे बाबा ठणठणीत? तो म्हणाला, ठणठणीत. मी निघतो, बाळाजी काठी काढायच्या आत पोचायला हवं. संध्या हसली नाही. ती म्हणाली, "आजारी नाहीत म्हणून नका येऊ, हे सांगायला चाललात का?" तो म्हणाला की तसं नाही, खरं काय ते त्यांना कळायला हवं. ती म्हणाली, "मी त्या खोलीला धुतलेले पडदे लावलेत," आणि आत निघून गेली.

तरीही तो लगेच निघाला नाही. गुरुवारची फाइल उघडीच होती. चौकटीत त्याने पुन्हा अठ्ठेचाळीस हजार लिहिलं, या वेळी जाणूनबुजून, आणि कागद घेतला. कितीतरी महिन्यांनी तो मोजण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी ऐकत होता. तीच फाइल, तोच निम्मा वेग. काल संध्याकाळी याच टिंबांच्या लांब्या घेऊन त्याने आलेखावर फुली मारली होती. अक्षरं एकामागून एक कागदावर उतरायला लागली. काठी रविवारी उतरवतो. सेट कपाटात ठेवतो, तुला पाहिजे असेल तर ने. मग हेमचंद्र, त्यांचा तुटक, जड हात: तुझा हात तर घोड्यासारखा पळतोय, मुलाला सांगत का नाहीस. मग बाबा. मुकेशची पेन्सिल थांबली, त्याने फाइल मागे नेली, पुन्हा ऐकलं. हात बरा आहे ते मला ठाऊक आहे. त्याला बोलवायचं होतं. नुसतं चला म्हणायला त्याला जमत नाही, माझ्यावर गेलाय. आलेख घेऊन आला. मी म्हटलं, असेल. आणि मग तारखात्यातली जुनी रीत आली. नाव, आकडा किंवा मोलाचा मजकूर असला की घेणारा तो परत मागवायचा. ऐकू आला नाही म्हणून नव्हे. एकदा आलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून. हेमचंद्रांनी परत मागवलं. बाबांनी परत पाठवलं: त्याला बोलवायचं होतं.

मोटरसायकल लाल होती आणि त्याला शोभत होती. खरवईतून बाहेर पडताना या वाक्याने त्याचा असा काही पिच्छा धरला की बदलापूर सुटेपर्यंत तो तिसऱ्याच गिअरमध्ये चालवत होता. मागचा ट्रकवाला कर्कश हॉर्न देऊन, शिवी देऊन गेला. खरं सांगायचं की नाही? सांगितलं तर बाबा राहतील. काठी राहील, तार राहील, सकाळचं बोलणं राहील, आणि त्या दोन खोल्यांत दिवसभर एकटे राहतील, आणि आपल्याला बोलावलं नव्हतं हे त्यांना कळेल. नाही सांगितलं तर ते येतील, आणि त्यांचा हात कपाटात जाईल, एका चौकटीतल्या चुकीच्या आकड्यापायी. आणि रोज सकाळी चहाच्या वेळी आपण त्यांच्या हाताकडे पाहायचं, ते आपल्याकडे पाहणार, दोघांनाही ठाऊक, दोघंही गप्प. हे तर जमण्यासारखं होतं. यात दोघंही तरबेज होते. म्हणूनच त्याला धडकी भरली. जांभूळकडून येणाऱ्या जाड पाइपांच्या कडेने रस्ता चालला होता. कुठेतरी जोड गळत होता आणि बाया तिथे धुणं घेऊन बसल्या होत्या. मग एमआयडीसीचा तो उग्र वास आला, ज्याला तो वास म्हणायचंही विसरला होता. आई गेली त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन मुकेशनेच केले होते. बाबा नुसते बसून होते. मग उठून सेटपाशी गेले आणि हेमचंद्रांना बराच वेळ काहीतरी पाठवत राहिले. दारात उभ्या मुकेशला एकही अक्षर कळलं नव्हतं. त्याला तेव्हा राग आला होता, की घरात मी आहे ना. तो राग आजवर तसाच होता. आपण फाइली भरत होतो ते त्याच दिवसाचं ऐकायला, हे त्याला रूळ ओलांडून पश्चिमेला उतरताना अगदी साधं, स्वच्छ कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्या दिवसाची फाइल अर्थातच कुणाकडे नव्हती.

गच्चीवर पोचला तेव्हा तार उतरली होती. बाबा बाह्या सारून उभे होते आणि तळहात ते कोपर, तळहात ते कोपर अशी ती तार हातावर गुंडाळत होते, लोकर गुंडाळावी तशी, एकही वळसा दुसऱ्यावर चढू न देता. काठी अजून उभी होती. बाळाजी तिच्या बुडाशी पाना घेऊन बसला होता. तो मूळचा इथल्याच शेतकरी घरातला. जमीन इमारतींखाली गेल्यापासून केबल ओढायचा. मुकेशला पाहून त्याने बिडी विझवली. मुकेशने काही न ठरवता, दम लागलेला असतानाच सांगून टाकलं. आकडा चुकला होता. कार्ड नवं होतं, चौकट जुनी. हात निम्मा झालाच नव्हता, फाइल निम्म्याने चालत होती. तुम्हाला काही झालेलं नाही, बाबा. बाबांचं गुंडाळणं मध्येच थांबलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तारेकडे पाहिलं.

"अस्सं," ते म्हणाले.

बाळाजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजी काय करू? काढू का ठेवू?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, चहा घेऊन येतो, तोवर बस. आणि तारेची गुंडाळी कठड्यावर ठेवून जिना उतरू लागले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मुकेश मागून ते पाय पाहत राहिला. हात तसाच होता. पाय मात्र खरंच हळू झाले होते, आणि त्याचा आलेख त्याने काढला नव्हता.

घरात सामान बांधून झालं होतं. सेट खोक्यात होता, खोक्यावर सुतळी. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि आईचा फोटो तेवढा अजून होता. ते शेवटी न्यायचे असणार. टेबलावर मात्र जुनी की आणि सरावाचा बझर मांडून ठेवला होता, पुसून, नव्या बॅटरीसकट. मैत्रेयीसाठी काढलाय, बाबा म्हणाले. तिला शिकवेन म्हटलं होतं तिकडे आल्यावर. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, भांड्यात पाणी घातलं, आणि चहाची भुकटी घालायची विसरून टेबलाशी येऊन बसले. मुकेश समोर बसला, त्याच्या जुन्या जागेवर. काहीतरी बोलायला हवं होतं. पाणी सळसळायला लागलं. बाबांचा हात कीवर गेला आणि बझर किरकिरला, भरधाव, एका दमात, आणि थांबला. बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. मुकेशला पहिला वाय कळला होता. पुढचं सगळं निसटलं होतं. इथे चौकट नव्हती, मागे नेता येणार नव्हतं.

"बाबा, हळू," तो म्हणाला. "मला हळू लागतं."

आता ते पेपर उघडतील, असं त्याला वाटलं. तीस वर्षांपूर्वीचा पेपर. बाबांनी खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि हात पुन्हा कीवर ठेवला. या वेळी हात चालला तो मुकेशने कधी पाहिला नव्हता असा. एकेक अक्षर सुटं, दोन अक्षरांच्या मध्ये माणूस श्वास घेईल एवढी जागा. अकराच्याही खाली, कितीतरी खाली. बावीसच्या हाताला इतकं हळू चालणं किती जड जातं ते मनगटावरच्या शिरेत दिसत होतं. मुकेशने टेबलावर बोटाने अक्षरं लिहीत नेली. वाय, ई, यू. मग के, आय. मग एन, ए, के, ओ.

येऊ की नको.

खोलीचे धुतलेले पडदे त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि लावून घ्यायचं दार, आणि सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्याशी आता भांडावं लागणार होतं. तोंडाने म्हणावं असं त्याला वाटलं आणि त्याने तोंड उघडलंही. पण आजवर त्याच्या तोंडून जे जे निघालं होतं त्याला कारण जोडलेलं होतं, आलेख जोडलेला होता, डॉक्टर जोडलेला होता, आणि आता जोडायला काही उरलं नव्हतं. त्याने की आपल्याकडे ओढली. रेघ, टिंब, रेघ, रेघ. थोडं थांबून, टिंब, रेघ. दोनच अक्षरं. या. दुसऱ्या अक्षरातली रेघ जरा लांबलीच.

बाबा ऐकत होते ते मान थोडी तिरकी करून, तारखात्यात ऐकत असतील तसे. बझर गप्प झाला तरी त्यांनी मान सरळ केली नाही. त्यांचा चष्मा वाफेने की कशाने धूसर झाला होता.

"परत," ते म्हणाले.

वर गच्चीतून बाळाजीने हाक दिली, "ओ, काय ठरलं काठीचं? खरवईला लावायची का इथंच?" स्टोव्हवरचं पाणी आटत चाललं होतं आणि मुकेश पुन्हा पाठवत होता.